उसना श्वास

त्रिशला मगदूमला संशय आला तो आपल्या वडिलांच्या श्वासाचा.

हा श्वास तिला ऐकू येत नव्हता, दिसत होता. सांगलीत विश्रामबागेतल्या एका इमारतीत ती तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि वडील बरोबर तिच्या पायाखाली, दुसऱ्या मजल्यावर. नवऱ्यापासून वेगळी होऊन ती परत आली तेव्हा आण्णा म्हणाले होते, "जवळ घर घे, पण वेगळं घे. एका घरात राहिलो की माणसं एकमेकांच्या ताटात बघायला लागतात." भूपाल मगदूम एकेकाळी दूरसंचार खात्यात मायक्रोवेव्हच्या मनोऱ्यांवर इंजिनिअर होते. बायको गेल्यापासून एकटे राहत. सकाळी मालनबाई येऊन स्वयंपाक करून जायच्या. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवायची त्यांच्या घरची रीत होती, आणि तेवढ्या जेवणाला त्रिशला रोज खाली उतरायची.

तिचं काम घरूनच चालायचं. कुपवाडच्या एका कारखान्यासाठी ती सर्किटं आखून द्यायची, आणि उरलेल्या वेळात रेडिओ. हा नाद आण्णांनीच लावलेला. त्यांच्या काळी प्रत्येक कामाला वेगळा रेडिओ लागायचा. कॉइल बदला, कंडेन्सर बदला, पुन्हा सोल्डर करा. त्रिशलाच्या टेबलावर मात्र बोटाएवढी एक कांडी होती. अँटेनात आलेल्या लहरींचे आकडे करून संगणकाला द्यायचे, एवढंच कांडीचं काम. गाळणं, जुळवणं, उलगडणं हे सगळं प्रोग्रॅम करायचा. प्रोग्रॅम बदलला की त्याच कांडीचा दुसरा रेडिओ व्हायचा. सकाळी ती हवामानाच्या उपग्रहाचं चित्र उतरवायची, दुपारी कोल्हापूरला उतरणारी विमानं कुठपर्यंत आली ते बघायची, संध्याकाळी परवान्यावर घेतलेला प्रक्षेपक जोडून देशोदेशीच्या हौशी मंडळींशी बोलायची. पडद्यावर लहरींचे रंगीत पट्टे वरून खाली ओघळत राहायचे. हौशी लोक त्याला धबधबा म्हणत.

आण्णांनी हा छंद सोडला होता. "डोळे चालत नाहीत आता," असं म्हणून त्यांनी आपली जवळजवळ सगळी हत्यारं तिच्या घरी आणून ठेवली होती.

एक दिवस धबधब्यात तिला एक अनोळखी पट्टा दिसला. फणीच्या दातांसारखा, एकसारखा. माग काढत गेल्यावर लक्षात आलं की तो खालून, आण्णांच्या घरातून येतोय. म्हणजे 'सांजसोबत' कंपनीची डबी.

तोवर शहरातल्या बऱ्याच घरांत अशा डब्या बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा आरोग्यविमा चालू ठेवायचा तर ती लागायचीच. डबीत कॅमेरा नव्हता, माइक नव्हता, अंगावर काही बांधावं लागत नव्हतं, म्हणून म्हातारी माणसंही तक्रार करत नसत. डबी सेकंदाला शेकडो वेळा एक बारीकशी लहर सोडायची. ती भिंतींवर, कपाटांवर, माणसावर आपटून परत यायची. भिंत हलत नाही, त्यामुळे तिचा प्रतिध्वनी दर वेळी सारखाच. माणसाची छाती मात्र श्वासागणिक काही मिलिमीटर हलते आणि तेवढ्यानंही परतणारी लहर किंचित मागेपुढे सरकते. ते सरकणं मोजलं की श्वास सापडतो. माणूस पडला की त्याचा प्रतिध्वनी एकदम खाली येतो, आणि मग मुलाबाळांच्या फोनवर घंटा वाजते. नाहीतर तिथं हिरवा ठिपका असतो आणि त्याखाली एखादा शब्द: जागे, फिरतायत, झोपेत.

आण्णांच्या घरात डबी बसवली होती त्रिशलाच्या धाकट्या भावानं, पुण्याहून येऊन. अभिनंदननं ती भिंतीवर ठोकली तेव्हा आण्णा खुर्चीत बसून बघत होते. "चांगली आहे की," एवढंच म्हणाले होते.

त्रिशलानं त्या फणीचा उलगडा करायचं मनावर घेतलं. लहर माझ्या घरात येतेय, मी कुणाच्या घरात गेलेले नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. बऱ्याच खटपटीनंतर एका दुपारी पडद्यावर एक नागमोडी रेघ उमटली. वर, खाली, वर, खाली. आण्णा झोपले होते आणि त्यांचा श्वास तिच्या टेबलावर चालत होता. तिला भरून आलं. लहानपणी त्यांच्या पोटावर डोकं ठेवून झोपायची, तेव्हा ते असंच वरखाली व्हायचं.

मग त्याची सवय लागली. काम करताना पडद्याच्या कोपऱ्यात ती रेघ असायचीच.

एकदा गाळणी नीट बसवण्यासाठी तिला तुलनेला दोन नमुने हवे होते. तिनं कालची दुपार आणि आजची दुपार एकावर एक ठेवली. दोन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसल्या. मध्येच एक लांब उसासा होता, त्यानंतर दोन उथळ श्वास, मग गिळल्यासारखा एक झटका. कालही तसाच. परवाची दुपार काढली. परवाही तसाच, त्याच क्रमानं.

माणूस दोन दिवस सारखं जेवेल, सारखं बोलेल. सारखा श्वास घेणार नाही.

ती तशीच उठून खाली गेली आणि बेल वाजवली. फोनवर हिरवा ठिपका होता, खाली शब्द होता 'झोपेत'. पुन्हा बेल वाजवली, दारावर थापा मारल्या. शेवटी वर जाऊन तिनं स्वतःजवळची किल्ली आणली आणि दार उघडलं. अंथरुणावर चादर ताठ ओढलेली होती. दाराशी चपला नव्हत्या. न्हाणीघर, बाल्कनी, स्वयंपाकघर, सगळीकडे बघून झालं. रिकाम्या घराच्या मध्यभागी ती उभी राहिली. भिंतीवर डबीचा दिवा लुकलुकत होता आणि तिच्या हातातल्या फोनमध्ये आण्णा शांत झोपलेले होते.

संध्याकाळी जेवताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुपारी झोप झाली का, आण्णा?"

"झाली की," आण्णा भाकरी मोडत म्हणाले. "चांगली लागली आज."

ते तिच्याकडे बघत नव्हते. तिला वाटलं, हे नेहमीच ताटाकडे बघून बोलतात, की आजच? तिला आठवेना.

त्या दिवसापासून तिचा कशावरच भरवसा राहिला नाही. पहिला संशय कंपनीवर. लहर नीट परतत नसेल तेव्हा कंपनी आधीचा श्वास पुन्हा लावून देत असेल, म्हणजे ठिपका हिरवा तो हिरवाच. लोक ठिपक्यासाठीच वर्गणी भरतात. तो विझलेला कुणाला हवा असतो? दुसरा संशय भावावर. गेले काही महिने अभिनंदन पुण्यातल्या एका ज्येष्ठ निवासाबद्दल बोलत होता. डबीही त्यानंच आणलेली. तिनं त्याला फोन केला.

"तुझ्या डबीवर तू कधी शंका घेतलीस का रे?"

"डबीवर? का? काय झालं?"

"काही नाही. तुला काय काय कळतं तिच्यातून?"

"तुला कळतं तेवढंच, ताई. ठिपका. आता पुढच्या महिन्यापासून चालीचा अहवालही देणार म्हणतात. पाय घासतात का, तोल जातो का. बरंच झालं ना?" मग त्यानं विचारलं, "तू असं का विचारतेयस? काही लपवतेयस का?"

दोघांनीही घाईनं फोन ठेवला.

तिनं कंपनीला तक्रार लिहिली. तुमची यंत्रणा खोटा श्वास दाखवते असं स्पष्ट म्हटलं, आणि पुराव्यादाखल आपल्या सगळ्या नोंदी जोडल्या. कंपनीचं उत्तर लगेच आलं. प्रकार गंभीर दिसतो. गुरुवारी आमचा इंजिनिअर घरी येऊन तपासणी करील. मुलगा या नात्यानं अभिनंदनलाही त्याची प्रत गेली होती.

तोवर गप्प बसणं तिला जमेना. तिनं दोन अँटेना एकमेकींपासून अंतरावर लावल्या. एकच लहर दोन्हींकडे किंचित मागेपुढे पोचते. त्या फरकावरून ती कुठून आली याची दिशा काढता येते. निघालेलं उत्तर बघून ती चक्रावली. खोटा श्वास डबीतून येतच नव्हता. खालच्या स्वयंपाकघरात आणखी एक काहीतरी होतं. ते डबीची लहर ऐकायचं, तिच्यावर छातीच्या हालचालीचा मुलामा द्यायचं आणि प्रतिध्वनी म्हणून परत पाठवायचं. डबी बिचारी तोच खरा धरायची.

दुसऱ्या दिवशी आण्णा बाहेर पडल्याचं बघून ती किल्ली घेऊन खाली गेली. पिठाच्या डब्यामागे, फडक्यात गुंडाळलेला, तळहाताएवढा सर्किट बोर्ड होता.

तिनं तो उजेडात धरला. कल्पना हुशारीची होती. काम मात्र भयंकर होतं. कथिलाचे गोळे झाले होते, तारेच्या एका पायाला दिलेला सोल्डरचा डाग दुसऱ्याला चिकटून मग खरवडून काढला होता, बोर्ड दोन-तीन ठिकाणी करपला होता. आण्णांचे डाग तिला माहीत होते. ज्वारीच्या दाण्यासारखे, टपोरे आणि चकचकीत. ते हे करतील? कधीच नाही. मग त्यांच्या स्वयंपाकघरात हे आणून ठेवलं कुणी? दुपारी त्यांना घराबाहेर काढतं कोण, आणि ते घरातच आहेत असं दाखवण्यात कुणाचा फायदा?

बोर्ड होता तसा ठेवून ती वर आली. सकाळी मालनबाई पीठ मळत असताना ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मालनबाई, या डब्यामागं तुम्हाला कुणी काही ठेवायला दिलं होतं का?"

"काय ठेवायला?"

"एखादी वस्तू. कंपनीचा माणूस आला असेल. नाहीतर अभिनंदननं सांगितलं असेल."

"न्हाई बा."

"खरं सांगा. मी कुणाला बोलणार नाही."

मालनबाईंचे मळणारे हात थांबले. त्यांनी तिच्याकडे सावकाश पाहिलं. "तुमच्या आई होत्या तवापासनं येतीया मी ह्या घरात," त्या म्हणाल्या. "एक चमचा हिकडचा तिकडं झाला न्हाई. आन् तुमी मला खरं सांग म्हणताय."

त्यांनी भाकरी केल्या, ओटा पुसला आणि त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. आण्णांनी विचारलं, "मालन का आली नाही गं?" त्रिशला म्हणाली, "मला काय माहीत." म्हणजे आता तीही त्यांच्या तोंडावर खोटं बोलायला लागली होती.

बुधवारी दुपारी ती बाल्कनीत पडद्याआड उभी राहिली. आण्णा खाली आले. खांद्याला कापडी पिशवी होती. डावा हात चालीबरोबर हलत होता, उजवा अंगाशी घट्ट धरलेला. काहीतरी लपवून नेतायत, तिच्या मनात आलं. ते मिरजेच्या बसमध्ये चढले. तिनं रिक्षा केली आणि बसच्या मागे ठेवायला सांगितली. रिक्षावाल्यानं आरशातून एकदा तिच्याकडे पाहिलं, विचारलं मात्र काही नाही.

वाटेत तिनं मनात किती जणांवर आरोप केले त्याला हिशेब नव्हता. घरावर डोळा ठेवून असलेला एखादा दलाल. एखादा बाबा. एखादी बाई. या शेवटच्या विचाराची तिला लाज वाटली, तरी तो गेला नाही.

मिरजेत बाजारामागच्या एका गल्लीत आण्णा उतरत्या पायऱ्यांवरून एका जुन्या मंगल कार्यालयात शिरले. लग्नसराई नव्हती, दारावर तोरण नव्हतं. ती जवळ गेली तेव्हा आतून हलगी ऐकू आली.

दार अर्धवट उघडं होतं. आत लांबलचक सभागृहात फरशीवर पिवळ्या चिकटपट्ट्या आडव्या मारलेल्या होत्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. सात-आठ म्हातारी माणसं एकामागून एक त्या पट्ट्या ओलांडत चालली होती. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला एक माणूस संथ लयीत हलगी वाजवत होता आणि पांढरा कोट घातलेली एक बाई बाजूनं चालत सांगत होती, "डावा लांब. उजवा लांब. खाली बघायचं नाही, ठेका ऐकायचा."

आण्णा रांगेच्या मधे होते. हलगीवाल्यानं मुद्दाम वाजवणं थांबवलं आणि आण्णांचे पाय जागच्या जागी खिळले. पुढं झुकलेलं अंग, आणि पाय जणू फरशीला चिकटलेले. ते पाय उचलायची धडपड करत होते हे त्यांच्या मानेच्या शिरांवरून दिसत होतं. हलगी पुन्हा सुरू झाली, आणि पहिल्या ठोक्याला पाय सुटला. उजवा हात आता मोकळा होता. अंगठा आणि बोटं एकमेकांवर सारखी फिरत होती, कुणी न दिसणारी गोळी वळत असावं तशी.

तिला ते करपलेले डाग आठवले. ते सगळे याच हातानं दिले होते.

कोटवाल्या बाईंनी तिला पाहिलं आणि त्या दाराशी आल्या. "मी डॉक्टर नाझनीन मुजावर," त्या म्हणाल्या. "कंपवात झालेल्यांना इथं पुन्हा चालायला शिकवतो आम्ही. तुम्ही मगदूमांच्या कन्या ना? एक दिवस याल म्हणून म्हणत होते ते. बसा, फेरी संपू दे."

फेरी संपली. आण्णा तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. हात पिशवीखाली घातला.

"आलीस व्हय," ते म्हणाले. "कसं कळलं?"

"तुमच्या उसाशावरून. रोज त्याच जागी येतो. एकच तुकडा फिरवताय तुम्ही."

आण्णा ओठातल्या ओठात हसले. "आळस केला. दोन-चार तुकडे उलटसुलट जोडायला पाहिजे होते. पण बारीक तारेवर हात टिकेना, म्हणून म्हटलं भागतंय तेवढ्यावर." ते पुढं म्हणाले, "घरात असलो की हाताची थरथर झाकेल एवढी लहरींची गडबड सोडतो. बाहेर पडलो की झोप लावून येतो. दोनच कामं करतं ते."

"कधीपासून, आण्णा?"

"हात? तुला हत्यारं आणून दिली तेव्हापासून."

"मग मला का नाही सांगितलंत?"

हलगीवाला कापडानं हलगीचं कातडं पुसत होता. आण्णा त्याच्याकडे बघत बोलले. "ती डबी आता चाल वाचणार आहे. म्हणजे माझ्या आजाराची बातमी माझ्या आधी पुण्याला पोचणार. अभिनंदन मनानं चांगला आहे. चांगल्या मनानं तो मला उचलून त्या निवासात नेऊन ठेवणार, आणि तिथं मी दुखणेकरी म्हणून जाणार. मला अजून थोडे दिवस नुसता भूपाल मगदूम म्हणून हिंडायचं होतं."

"मी तर पुण्याला नव्हते. मी वरच्या मजल्यावर होते."

"म्हणूनच की. डबीला मी एक ठिपका आहे. ठिपक्यावर कुणी नजर ठेवली तर त्याला काय वाटायचंय? तू माझ्या हाताकडे बघत बसली असतीस. आताही बघतीयेस."

तिनं नजर उचलली. मग जे सांगायचं होतं ते सांगून टाकलं. "मी कंपनीला कळवलंय, आण्णा. नोंदी पाठवल्यात. उद्या त्यांचा माणूस येतोय. अभिनंदनही येणार आहे पुण्याहून."

आण्णांनी पिशवी खांद्याला अडकवली. "काढून ठेवू का ते यंत्र?" तिनं विचारलं.

"काढलंस तर डबी खरं सांगणार. ठेवलंस तर तो माणूस शोधून काढणार. आणि तू पाठवलेल्या नोंदी तर त्यांच्याकडे आहेतच." ते उठले. "बरं. बघू."

परतीच्या बसमध्ये ती त्यांच्या शेजारी बसली आणि सगळा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

गुरुवारी अभिनंदन आला आणि त्याच्या पाठोपाठ कंपनीचा इंजिनिअर काळुखे. तिशीतला, नम्र, हातात शोधक यंत्र. आण्णा खुर्चीत बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र पसरलेलं. काळुखेनं डबी तपासली, मग यंत्र हातात धरून तो घरभर फिरला. स्वयंपाकघरापाशी त्याच्या यंत्राचा आवाज चढत गेला. फडक्यात गुंडाळलेला बोर्ड घेऊन तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"आमच्या डबीचा दोष नाही, सर. घरातूनच कुणीतरी खोटा प्रतिध्वनी सोडत होतं. मुद्दाम," तो अभिनंदनला म्हणाला. "परवान्याशिवाय असं प्रक्षेपण करणं गुन्हा आहे. या घरात रेडिओतलं कुणाला कळतं?"

अभिनंदननं बहिणीकडे पाहिलं. वडिलांकडे पाहायचं त्याच्या मनातही आलं नाही.

"माझं आहे ते," त्रिशला म्हणाली.

"मॅडम, तक्रार तर तुम्हीच केली होती."

"तुमची डबी किती भोळी आहे ते बघायचं होतं, आणि तुम्हाला ते कळायला किती दिवस लागतात तेही. मी सांगेपर्यंत कळलंच नाही तुम्हाला."

काळुखेनं बोर्ड वळवून पाहिला. इतकं गचाळ काम हिचं असेल का, असा प्रश्न त्याच्या कपाळावर दिसला. पण कबुली मिळाली होती. त्यानं तिचं नाव आणि हौशी परवान्याचा क्रमांक विचारून घेतला, बोर्डाचे फोटो काढले, कराराचा भंग झाल्यामुळे सेवा आजपासून बंद होतेय असं सांगून भिंतीवरची डबी उतरवली आणि दोन्ही वस्तू घेऊन तो निघून गेला.

दार लागताच अभिनंदन बोलायला लागला. तो मोठ्यानं बोलत नव्हता, त्यामुळे ते जास्त लागत होतं. "आण्णा पडले असते तर? मी तिकडं ठिपका बघून झोपायचो, ताई. ठिपका बघून. आणि तू खेळ करत होतीस त्यांच्या जिवाशी. तुला वेळ जात नाही हे मला माहीत आहे, पण म्हणून—"

"अभिनंदन," आण्णा म्हणाले.

त्यांनी वर्तमानपत्र बाजूला केलं आणि उजवा हात समोरच्या टेबलावर ठेवला. हात तिथं थरथरत राहिला. काचेवर बोटांचा बारीक आवाज होत होता.

"ते यंत्र माझं. तिनं परक्या माणसासमोर माझी अब्रू झाकली. मी तिला सांगितलं नव्हतं तसं करायला, पण झाकली. हे बघ आणि मग बोल."

अभिनंदननं पाहिलं. तो उठून टेबलाजवळ आला, खाली बसला आणि त्यानं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. जणू धरल्यानं तो थांबणार होता.

"धरू नकोस," आण्णा म्हणाले. "धरून थांबत नाही ते. औषध चालू आहे, मिरजेला जातो, चालायला शिकतोय पुन्हा. विचार काय विचारायचं ते. मी सांगतो."

त्यांनी सगळं सांगितलं. अभिनंदन ज्येष्ठ निवासाचा विषय काढेल याची त्रिशला वाट बघत होती. त्यानं काढला, पण उठताना, अगदी हळू आवाजात. आण्णा म्हणाले, "पुण्यात हलगी असेल तर कळव," आणि त्याला बसस्टँडपर्यंत सोडायला स्वतः खाली उतरले.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. त्रिशलाचा परवाना चौकशी होईपर्यंत स्थगित झाला आणि तिला अँटेना उतरवाव्या लागल्या. विम्याचं पुन्हा नव्यानं बघावं लागलं. मालनबाईंच्या घरी ती दोनदा जाऊन आली. त्यांनी चहा दिला, बसायला पाट दिला, पण कामाला परत येते असं काही म्हणाल्या नाहीत. अभिनंदन रोज संध्याकाळी तिला फोन करून विचारायचा, "ताई, खरं सांग, कसे आहेत?" ती खरं तेच सांगायची, आणि त्याला ते खरं वाटत नाही हे तिला पलीकडच्या शांततेवरून कळायचं. तिच्या मनातूनही संशय गेला नव्हता. जेवताना आण्णांनी भाकरी डाव्या हातानं मोडली की तिला वाटायचं, आज जास्त आहे का? सांगत नाहीत का?

एका संध्याकाळी आण्णा ताटावरून उठताना म्हणाले, "माझ्या मागनं यायचं बंद कर. बरोबर यायचं असेल तर ये. अडीचला निघतो मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाली उतरली आणि तिनं बेल वाजवली.

"आलो," आतून आवाज आला.

पण दार उघडेना. पूर्वी अशा वेळी तिनं वर जाऊन पडद्यावर बघितलं असतं: चालतायत का, थांबलेत का, कुठं आहेत. आता समोर लाकडी दार होतं आणि त्यापलीकडचं काहीच तिला दिसत नव्हतं. आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मग शांतता. किल्ली तिच्या पर्समध्ये होती. तिनं हात पर्सकडे नेला आणि पुन्हा खाली घेतला.

कडीवर धातूचा आवाज झाला. बोटं कडी शोधत होती, ती निसटत होती. पुन्हा आवाज, पुन्हा निसटली. त्रिशला दाराला हात न लावता उभी राहिली, आणि आण्णांना लागेल तेवढा वेळ तिनं लागू दिला.